दसऱ्याचे प्लग

इंदूरला छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत त्या मोटारीबद्दल ज्या थापा चालायच्या, त्या ऐकून आजही माझं डोकं फिरतं. म्हणे, ताशी चाळीस मैलांच्या खाली आणली की तिचं इंजिन गुदमरतं आणि फुटतं. म्हणे, वळणावर तिचं शेपूट तोंडाच्या पुढे येतं. बॉनेटवर चामड्याचा जाड पट्टा होता, तो म्हणे इंजिन उसळून बाहेर पडू नये म्हणून. पोरंटोरं सोडा, कचेरीतले शिकलेसवरलेले कारकूनसुद्धा ओट्यावर बसून हे खुशाल सांगायचे. आणि संताप याचा, की या सगळ्या थापा मुळात आमच्याच घरातून, बशीतला चहा फुरकत बसलेल्या माझ्या वडिलांकडून निघायच्या.

बाबा संस्थानच्या मोटारखान्यात ड्रायव्हर होते. संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं, एकेक मोटार विकली गेली आणि ती लांब नाकाची उघडी गाडी एका शेठजींनी घेतली. चालवायची तर त्यांची छाती होईना, म्हणून गाडीबरोबर बाबांनाही ठेवून घेतलं. बाबांचा डगला गेला, फेटा गेला, लोकांचे सलाम गेले. उरली ती ही गाडी आणि तिच्या गोष्टी. तेव्हा मी वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत नुकती मास्तरीण झालेली, त्यामुळे मला सगळं कळतं असं मला वाटायचं. मी त्यांना तोंडावर म्हणायची की बाबा, खामखा फेकू नका. ते नुसते मिशीत हसायचे.

आई मात्र त्यातला शब्दन् शब्द खरा मानायची. वीस वर्षांत ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. बाबा घरी परतेपर्यंत तिचा जीव टांगणीला असायचा आणि हे बाबांना आवडायचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आईचा एक डोळा लहानपणी देवीत गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू झाला. तिच्या माहेरी, सांवेरला, शाळेच्या इमारतीत बाहेरगावचे डॉक्टर येऊन मोतीबिंदू काढणार होते. मामाने आग्रह केला, म्हणून तिने तिथेच ऑपरेशन करून घेतलं. मी रजा काढून तिच्या उशाशी होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. चौथ्या दिवशी पट्टी बदलताना डॉक्टरांचा चेहरा उतरला. डोळ्यात आतून रक्त आलं होतं. इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात लगेच न्यायला हवं, पण रस्त्यात डोक्याला हिसका बसता कामा नये, असं ते म्हणाले. हिसका बसला तर हा डोळाही जाईल, हे त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं.

दवाखान्याच्या गाडीला दोन दिवस लागणार होते. बस म्हणजे नुसता खुळखुळा. मामा त्याच बसने इंदूरला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शेठजींना विचारून, मामाला बसवून ती गाडी घेऊन हजर. तिचा आवाज गावाबाहेरून ऐकू आला. आईने तो ओळखला आणि माझं मनगट धरलं. म्हणाली, मी त्या गाडीत बसणार नाही, बैलगाडी जुंपा. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, मामा तर रागावलाच. ती ढिम्म. इंजिन फुटून मरण्यापेक्षा आंधळं झालेलं बरं, म्हणाली. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. वीस वर्षं पेरलेलं आता उगवलं होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची जराही दया आली नाही.

ते गाडीकडे गेले, एक डबा घेऊन आले आणि आईच्या हातात दिला. बिस्किटांचा जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा. आईने तो चाचपला. दर दसऱ्याला घरातल्या हत्यारांबरोबर ती त्या डब्यालाही हळद-कुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची. आत काय आहे ते तिने कधी विचारलं नव्हतं.

"यात इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग आहेत. गाडी हळू चालवताना लावायचे," बाबा म्हणाले. "दसऱ्याच्या मिरवणुकीत ही गाडी हत्तीच्या मागून चालायची. मी चालवायचो. तूच बघायला यायचीस की नाही, गच्चीवर?"

मीसुद्धा ते दर वर्षी बघितलं होतं. सगळ्या गल्लीने बघितलं होतं. हत्ती पुढे, गाडी मागे, पावलापावलाने. आणि तेच लोक घरी येऊन सांगायचे की ती हळू चालतच नाही.

"मग त्या गोष्टी?" आईने विचारलं.

"मीच रचलेल्या. पट्टा आहे तो बॉनेट खडखडू नये म्हणून."

"वीस वर्षं माझा जीव टांगणीला लावलात?"

"हो. चुकलं माझं."

आईने डबा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "उचला मला."

बाबांनी भराभरा प्लग बदलले. मागच्या चिंचोळ्या सीटमागे मामाच्या घरची ज्वारीची दोन पोती टाकली. गाडीच्या स्प्रिंगा कडक आहेत, वजन टाकलं की निमूट बसतात, असं ते मला सांगत होते. चाकांतली हवा थोडी काढली. पाण्याचे दोन डबे घेतले, कारण हळू चालवताना खरी भीती इंजिन तापण्याची असते, फुटण्याची नाही. आईला पुढे उशांवर टेकवून बसवलं. मी मागे बसून तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

एवढं मोठं इंजिन, म्हणून तर ते वरच्या गियरमध्येही सायकलपेक्षा हळू चालत होतं. गियर बदलणं नाही, क्लचचा धक्का नाही. गाडी जमिनीलगत, त्यामुळे बससारखी डुलत नव्हती. चाक जरासं वळवलं की खड्डा बाजूला राहायचा. एक सायकलवाला दूधवाला आम्हाला ओलांडून गेला आणि वळून वळून बघत राहिला. थोड्या वेळाने आई म्हणाली, अहो, निघायचं कधी, ऊन चढेल. सांवेर केव्हाच मागे पडलं होतं. मला हसू आलं आणि डोळेही भरले, पण हात तिच्या डोक्यावर होते, पुसणार कशाने? बाबा समोर बघत चालवत होते. त्यांची मान घामाने भिजली होती. तीनदा थांबून इंजिनात पाणी घातलं. पावणेतीन तास लागले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि रक्त वाढलेलं नाही म्हणाले. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि पोटभर रडले. सुटलो गं बाई, असं मोठ्याने म्हटल्याचंही आठवतं.

तीन आठवड्यांनी पट्टी निघाली. पुढे जाड भिंगांचा चष्मा लागला. घरी आल्यावर आईने सगळ्यात आधी तो डबा मागवला. झाकणावर बाबांनी खिळ्याने 'दसरा' असं खरवडलं होतं. तिने ते बोटाशिवाय, नुसत्या डोळ्याने वाचलं. म्हणाली, अक्षर काय हे, गचाळ. बाबा उठून परसात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

त्यानंतर बाबांनी गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी खाली मान घालून चहा प्यायचे. गल्लीतल्या बायका आईला बघायला आल्या, तेव्हाही ते कोपऱ्यात तसेच बसले होते. कुणीतरी विचारलंच, काकू, त्या गाडीतून आलात म्हणे?

आईने चष्मा सारखा केला, एकदा बाबांकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "अगं, सांवेरहून वीस मिनिटांत. डोळे बांधलेले होते म्हणून वाचले, नाहीतर भीतीनेच गेले असते."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांनी हळूच मिशीवर हात फिरवला.