न विचारता बदललेलं इंजिन

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत परवा एक मेकॅनिक रिक्षाच्या इंजिनावर वाकून उभा होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याने इंजिनाला टेकवलं होतं आणि मूठ कानाला लावली होती. तापलेल्या ऑइलचा वास गल्लीभर पसरला होता. मी भाजीची पिशवी घेऊन निघाले होते, ती तिथेच थांबले. वैद्याने नाडी बघावी तसं इंजिन ऐकणारा माणूस मी आयुष्यभर घरात बघितला. तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा.

आमचे हे पनवेलच्या एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. शेठने म्हातारपणी नवी गाडी घेतली आणि जुनी, गोल पाठीची पेट्रोल गाडी ह्यांना देऊन टाकली. शाळा ह्यांची माझ्याहूनही कमी. सही करायची म्हटली की कपाळाला घाम यायचा. पण त्या इंजिनाचं त्यांना सगळं कळायचं. सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडायचं, कान लावायचा आणि "आज तिसऱ्याला सर्दी झालीय" असं काहीतरी बोलायचं. तिसरा म्हणजे तिसरा सिलिंडर, हे मला फार उशिरा समजलं. विचारलंच नव्हतं कधी.

गाडी घाटात तापायची. पुण्याला लेकीकडे जाताना दर वेळी अर्ध्या चढावर थांबायचं, इंजिन निवेपर्यंत वाट बघायची आणि डब्यातलं पाणी घालायचं. हे दगडावर बसून निवांत बिडी ओढत. मागून आलेल्या गाड्या पुढे निघून जात. उलव्याच्या माझ्या भावाची जमीन विमानतळात गेली आणि त्याने मोठी गाडी घेतली. पुण्याला एका लग्नाला जाताना त्याने आम्हाला घाटात गाठलं, काच खाली केली आणि म्हणाला, "भावजी, गाडी हाय का म्हैस? पानी पाजल्याशिवाय चढत नाय."

गाडीभर माणसं हसली. हेही हसले. "म्हैस निदान दूध तरी देते," म्हणाले. मला मात्र ते लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि लेकीने त्यांना महिनाभर पुण्याला ठेवून घेतलं. मी आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे गेले. म्हटलं, एखाद्या जीपचं डिझेल इंजिन बसव, घाट एका दमात चढला पाहिजे.

"बसवतो चाची. पण चाचांना विचारलं का?"

"तुझे चाचा कधी कशाला हो म्हणालेत? तू बसव."

जुनं इंजिन ठेवू का, हेही त्याने विचारलं. मी म्हटलं, भंगारात दे. ते राहिलं तर हे परत बसवायला लावतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. अजाणतेपणी केलं असं मी आजही म्हणणार नाही.

हे आले. गाडी सुरू केली तशा काचा थडथडल्या. आम्ही कुठेही न थांबता घाट चढलो. मी म्हटलं, बघा. वर लोणावळ्याला ह्यांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि कान लावला. बराच वेळ तसेच वाकून होते. मग बॉनेट हलकेच खाली टेकवलं आणि म्हणाले, "ह्याचं मला काही कळत नाही."

परत आल्यावर हे गॅरेजात जुनं इंजिन मागायला गेले. घरी येऊन जेवायला बसले. "वरण पातळ झालंय," एवढंच बोलले. त्याच आठवड्यात जावयाला बोलावून गाडीची किल्ली देऊन टाकली. रागावले असते तर मी भांडले असते, आणि जिंकलेही असते. चार लोकांनी हसू नये म्हणून मी एवढं केलं, पण भाऊ मग दुसऱ्या कशावर तरी हसायला लागला. लोकांना काय, काहीही पुरतं. माझ्या हाताने मात्र एका माणसाला ठाऊक असलेली एकच गोष्ट मी काढून टाकली होती, आणि तिच्या जागी जे आणलं ते सगळ्यांच्याच गाडीत असतं.

त्यानंतर आम्ही पुण्याला एसटीने जायचो. हे खिडकीशी बसत. खोपोली मागे पडून चढ लागला की त्यांचा डावा हात गुडघ्यावर हलायचा, आणि क्षणभराने ड्रायव्हर गिअर बदलायचा. उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबलेला असायचा. मी ते बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. चुकलं माझं, एवढे दोन शब्द होते. दर खेपेला ठरवायचे, उतरल्यावर बोलू. उतरलं की पिशव्या असायच्या, रिक्षा बघायची असायची. हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील.