गवती चहाच्या वासाचा डबा

लिहायला बसलो आहे खरं, पण हात अडखळतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कुमुद मॅडमविषयी लिहिण्याइतकी माझी भाषा नाही. चुकेल तिथे सांभाळून घ्यावं.

मॅडम आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पान असो, माती असो, कुणाच्या डब्यातली भाजी असो, आधी डोळे मिटून हुंगायच्या. उत्तराची घाई करणाऱ्याला त्या आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणायच्या, "आधी वास घे रे पोरा, मंग बोल."

प्रयोगशाळेत त्या आपल्या अंगणातल्या गवती चहाचं तेल काढायच्या. वाफ काचेच्या नळीत थंड व्हायची आणि पाण्यावर पिवळसर थेंब तरंगू लागायचे. खिडकीबाहेर पावसाची भुरभुर, आत तो वास. आम्ही जागे आहोत की झोपेत, तेच कळायचं नाही.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी. उन्हाळी भुईमुगाचं बियाणं पावसाळाभर ठेवलं की शेंगांना हिरवट बुरशी यायची. आई हळहळायची. हे ऐकून मॅडम तेलाची बाटली घेऊन घरी आल्या आणि आईशेजारी बसून त्यांनी शेंगांना दोन्ही हातांनी तेल चोळलं. पावसाळा सरला, बुरशीचा ठिपका नाही. पण पेरल्यावर एकही कोंब वर आला नाही.

"मॅडम, बुरशी गेली, पण संगं बियाणंबी गेलं की वो!" आई म्हणाली. "आता चहात टाकू का ह्या शेंगा?"

मॅडम हसल्या, पण चेहरा उतरला. मातीतून एक दाणा उकरून त्यांनी हुंगला. "वास हाय अजून. जीव न्हाई. लई चोळलं मी."

पुढच्या वर्षी त्यांनी आईकडून थोड्या शेंगा मागून नेल्या. या वेळी तेल शेंगांना लावलंच नाही. कापसाचा बोळा तेलात भिजवून एका डब्याच्या झाकणाला आतून दोऱ्यानं टांगला. खाली शेंगा त्या वासात निजल्यासारख्या पडून होत्या.

"उगवलं तर मी सोता सांगाया येईन," त्या आईला म्हणाल्या. "न्हाई उगवलं तर तोंड दाखवायची न्हाई."

मग मी पुढच्या शिक्षणासाठी परभणीला आलो. मॅडम आजारी पडल्या, तेव्हा त्यांचे भाऊ त्यांना जवळा बाजार गावी आपल्या घरी घेऊन गेले. डबा त्यांनी सोबत नेला होता. हळूहळू त्यांचे फोन थांबले. आई मात्र दर वेळी विचारायची, "मॅडम आल्या न्हाईत रे अजून. काहून? रुसल्या का?"

काल त्यांच्या भावाचा फोन आला. "ताई गेली, बाळा. तुला कळवायला उशीर झाला." मग म्हणाले, "सामान आवरताना एक डबा निघाला, गवती चहाच्या वासाचा. नासलं म्हणून शेंगा परसातल्या ओल्या वाफ्यात टाकून दिल्या. आज पाहतो तं समदं उगवून राहिलंय. कुणाचं रे हे?"

"आमच्या आईचं," मी म्हणालो.