टाका कुठं हाय?
हुलग्याच्या माडग्याला लसणाची फोडणी बसली की मला आमच्या लेकीचा मुतखडा आठवतो. सात वर्षांची होती, पोट धरून कळवळायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण सासूबाई हटून बसल्या, ‘पोरीची जात, अंगावर टाके नकोत,’ आणि खडा विरघळेल म्हणून महिनाभर तिला कुळथाचं हे पातळ माडगं पाजत राहिल्या. कळा थांबेनात, तेव्हा परंड्याहून सोलापूरला नेलं. तिथं भूल देऊन लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घातली आणि लेसरनं खडा फोडला. घरी आलो तर सासूबाईंनी लेकीला अंगणात उन्हात उभं केलं, झगा वर करून पोट पाहिलं, पाठ चाचपली. लेक गुदगुल्यांनी खिदळत होती. ‘टाका कुठं हाय गं?’ ‘न्हायच की, आजी!’ त्या पायरीवर मटकन बसल्या. ‘म्हंजी महिनाभर म्याच रडवलं व्हय लेकराला?’ मी चहा ठेवला. पुढच्याच आठवड्यात शेजारीण नातवाच्या मुतखड्यासाठी हुलगे मागायला आली. सासूबाईंनी ओंजळ भरून दिले आणि बजावलं, ‘हे चवीला खावा. खड्याला सोलापूरची गाडी धरा.’ आज कॉलेजातून आलेल्या लेकीनं माडग्याची तिसरी वाटी मागितली, नुसत्या चवीला.