वेताखालचा भुसा

तिसऱ्या खुर्चीच्या पहिल्या भोकातून जाईबाई गमरेंनी वेताची ओली पट्टी वर ओढली आणि पट्टीबरोबर भुसा आला. बारीक, पिवळसर, पिठासारखा. त्यांनी तो अंगठ्याने पुसला. दुसऱ्या भोकातूनही तसाच आला. तिसऱ्यातूनही.

त्या थांबल्या. पंखा घरघरत होता. गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला हमाल एक कपाट सरकवत होते. कोणाचं लक्ष नव्हतं.

आधीच्या दोन खुर्च्यांमधून काळा चुरा निघाला होता. सत्तर वर्षांची धूळ, जुन्या वेताचे तुकडे, बसणाऱ्यांचा घाम, सगळं मिळून त्याचा असा चुरा होतो. जुनी भोकं कोरताना दाभण अडकतं, वाकतं. इथे दाभण लोण्यात जावं तसं आरपार गेलं होतं. भोकाची कडा अजून खरखरीत होती, अन् नाकाशी नेलं तर कापलेल्या सागाचा ताजा वास येत होता.

जाईबाईंना छप्पन्नावं वर्ष लागलं होतं, त्यातली तेहतीस वर्षं त्या खुर्च्यांना वेत विणत होत्या. हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. भिवाबाबा एका सरकारी कचेरीत फर्निचर दुरुस्तीला होते. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीबाहेर, गॅलरीत, उलटी खुर्ची मांडीवर घेऊन ते बसायचे आणि नव्या सुनेला म्हणायचे, "उभे दोन पदर, आडवे दोन पदर, मग तिरके. घाई केलीस तर तिरक्यात अडकशील." नवरा, वसंत, अकाली गेला तेव्हा मुलगा सुमेध सात वर्षांचा होता. तेव्हापासून गिरगावातल्या डॉक्टरांचे दवाखाने, दादरच्या शाळा, वकिलांची ऑफिसं असं करत जाईबाईंनी घर चालवलं. आता बीडीडीची चाळ पाडून टॉवर उभा राहत होता आणि मायलेक जवळच, पोलीस क्वार्टर्सच्या मागे, भाड्याच्या खोलीत राहत होते.

भायखळ्याचं हे गोडाऊन प्रफुल्लभाई कपाडियांचं. जुनं फर्निचर घ्यायचं, नीट करायचं, विकायचं. चार वर्षांपूर्वी याच प्रफुल्लभाईंनी जाईबाईंना पहिली चंदीगडची खुर्ची दाखवली होती. ते शहर नव्याने वसवलं तेव्हा तिथल्या कचेऱ्यांसाठी पिएर जानरे नावाच्या स्विस आर्किटेक्टच्या देखरेखीखाली या खुर्च्या घडल्या. सागाचे दोन पाय वर जुळलेले आणि खाली फाकलेले, कंपास उघडून ठेवावा तसे. बैठकीला अन् पाठीला वेत. बनवल्या मात्र तिथल्याच सुतारांनी, वेगवेगळ्या कारखान्यांत, त्यामुळे दोन खुर्च्यांची मापं कधी तंतोतंत जुळत नाहीत. पुढे कचेऱ्यांना त्या जुनाट वाटल्या, गच्चीवर पडल्या, भंगारात गेल्या. मग परदेशात लिलावांतून त्यांना भाव आला, आणि भंगारवाल्यांच्या दारात गाड्या उभ्या राहू लागल्या.

त्या पहिल्या खुर्चीवर जाईबाईंनी थोडा वेळ बसून पाहिलं होतं. पाठ आपोआप टेकली होती. बसणाऱ्याचा विचार करून केलेली वस्तू आहे, एवढं त्यांना लगेच कळलं.

आता त्यांनी तिसरी खुर्ची उलटी केली. मागच्या दांडीवर पांढऱ्या रंगात कचेरीचा नंबर होता, विटलेला, मध्ये खरवडलेला. खऱ्या खुर्च्यांवर असतो तसाच. जाईबाई तो वाचता वाचता एका आकड्याशी थांबल्या. इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ होती. असा सात त्यांनी शाळेच्या वह्यांत पाहिला होता, रेशनच्या अर्जावर पाहिला होता.

सुमेध सहा वर्षं याच गोडाऊनमध्ये पॉलिश मारत होता.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो एक टेबल घासत होता. जाईबाईंनी हाक मारली नाही, नुसत्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"नंबर कोणी टाकले?"

त्याने कापड खाली ठेवलं. दाराकडे पाहिलं. "हळू बोल ना आई."

"हळूच बोलतेय."

"शेठने चिठ्ठीवर लिहून दिले. मी मारले." मग तो भराभरा बोलू लागला. "लाकूड जुनंच आहे गं. गिरगावात चाळ पाडली ना, तिच्या तुळया आहेत. शंभर वर्षांचा साग. कोणाला काय फसवलं? बसणाऱ्याला खुर्ची मिळते, आपल्याला काम मिळतं. मार्केटमध्ये सगळेच करतात."

"खुर्ची कधी झाली?"

"दिवाळीनंतर."

"मग दिवाळीनंतरची आहे म्हणून विका."

सुमेध हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "तू जा. शेठ बघेल."

शेठने पाहिलंच होतं. जाईबाई परत आल्या तेव्हा प्रफुल्लभाई त्या उलट्या खुर्चीपाशी उभे होते. बोटाने त्यांनी फरशीवरचा पिवळा भुसा उचलला, चोळला, झटकला.

"जाईबाई, बसा ना. चाय मागवू?"

"नको शेठ."

"तुम्ही वेत विणा. बाकीचं टेन्शन मला द्या." त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "पुढच्या शुक्रवारी अकराला बाहेरच्या पार्टीची बाई येणार माल बघायला. तुम्ही विणलंय म्हटलं की ती जास्त बघणार नाही. तुमचं नाव आहे मार्केटमध्ये."

"या खुर्च्या जुन्या नाहीत, शेठ."

"असं?" प्रफुल्लभाईंनी शेडकडे मान वळवली. "पॉलिश कोणी मारलं, नंबर कोणी काढला, इथे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या लफडं झालं तर ज्याच्या हाताला रंग, तोच पहिला आत जातो. मी काय, मी सांगेन मला माल असाच आला. विचार करा. शुक्रवारला नऊ दिवस आहेत."

जाईबाई खाली बसल्या आणि त्यांनी पट्टी हातात घेतली.

ते नऊ दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. सहा खुर्च्या होत्या, दोन खऱ्या आणि चार खोट्या. चारही त्यांनी विणल्या, आणि वाईट विणायला हात धजावला नाही. सकाळी गोडाऊनला जायचं, वेत भिजत टाकायचा, भोकामागून भोक भरत जायचं. प्रत्येक भोक भरलं की आतला पिवळा साग झाकला जायचा, आणि आपणच तो झाकतोय हे त्यांना दिसत होतं. एकदा प्रफुल्लभाई म्हणाले, वेत चहाच्या पाण्यात बुडवून जुना करा. "नवा वेत नवाच दिसेल," जाईबाई म्हणाल्या, आणि शेठनेही मग ताणलं नाही.

घरी त्या सुमेधशी बोलायचा प्रयत्न करायच्या. तो जेवण झालं की मोबाइल घेऊन जिन्यात जाऊन बसायचा. समोरच्या क्वार्टर्समधले हवालदार ड्यूटीवर निघाले की गाड्यांचा आवाज यायचा, आणि जाईबाईंचा हात पोळपाटावर थांबायचा. गुरुवारी त्या एवढंच म्हणाल्या, "तू उद्या रजा टाक."

"का?"

"टाक म्हणते ना."

"तू काही बोलणार आहेस का तिथे?" सुमेधने विचारलं. त्यांचं अजून ठरलंच नव्हतं. शुक्रवारी सकाळी तो त्यांच्या आधी कामाला निघून गेला.

अकराला माल तपासणारी आली. अनुजा नाव, तिशीची, केस घट्ट बांधलेले, खांद्याला बॅग. बॅगेतून तिने टॉर्च, भिंग आणि पांढरे कागद काढले. एकेक खुर्ची ती स्वतः उलटी करत होती. सांधे पाहिले, पायांची जाडी मोजली, नंबरांचे फोटो काढले. तुळयांमधल्या खिळ्यांची जुनी भोकं सागाच्या तुकड्यांनी बुजवली होती, ती तिला दिसली. "दुरुस्ती झालीय," ती म्हणाली, आणि प्रफुल्लभाई म्हणाले, "सत्तर वर्षं वापरलेला माल आहे, मॅडम."

तिने मान हलवली. तिचं समाधान होत चाललं होतं. शेडच्या दारात सुमेध कापड हातात धरून उभा होता.

"मावशी, वेत तुम्ही विणलात?" अनुजाने वळून विचारलं. "सुंदर झालाय. आधीचा कसा होता? अगदीच गेला होता का?"

प्रश्न साधा होता. उंदरांनी खाल्ला होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. प्रफुल्लभाई त्यांच्याकडे बघत होते. तिरक्या पदरात अडकलेली पट्टी पुढे ओढली तर तुटते, मागे घेतली तर सगळी वीण सैल पडते, तसं त्यांचं झालं होतं.

"त्या दोघींचा गेला होता," त्या म्हणाल्या. "या चौघींना आधी वेत नव्हताच, ताई. पहिला वेत माझाच."

मग प्रफुल्लभाई हसले. "बाईंना समजलं नाही तुम्ही काय विचारताय..."

जाईबाईंनी पिशवीतून पातं काढलं आणि तिसऱ्या खुर्चीवरचे स्वतः विणलेले पदर कोपऱ्यात कापले. कट, कट, कट. दोन दिवसांचं काम होतं ते. त्यांनी अनुजाच्या हातचा पांढरा कागद घेतला, खुर्चीखाली धरला आणि भोकात दाभण फिरवलं. कागदावर पिवळा भुसा पडला. मग पहिल्या खुर्चीपाशी जाऊन तिचाही एक कोपरा कापला. दाभण अडकलं, करकरलं, आणि दुसऱ्या कागदावर चिमूटभर काळा चुरा सांडला.

अनुजा दोन्ही कागद टॉर्चखाली धरून बराच वेळ पाहत राहिली.

"आणि हे नंबर?"

"माझ्या मुलाने काढलेत. तो तिथे उभा आहे, सुमेध." त्यांचा आवाज फाटला. "शेठने सांगितले म्हणून काढले. पण काढले त्यानेच."

"बघितलं?" प्रफुल्लभाई ओरडले. "माझ्याच पॉलिशवाल्याने मला फसवलं! मला माहीतच नाही, मॅडम! मी आत्ता पोलिसांना बोलावतो!"

सुमेधचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो वळून शेडमध्ये गेला. जाईबाईंना वाटलं, मागच्या दाराने पळाला. पण तो परत आला. पाकिटातून त्याने घडी घातलेला कागद काढला. पॉलिशचे डाग पडले होते, पण आकडे स्पष्ट दिसत होते, आणि खाली प्रफुल्लभाईंच्या हातचं गुजराती अक्षर. तो कागद त्याने खुर्चीच्या हातावर ठेवला. आईकडे त्याने पाहिलं नाही.

अनुजाने त्या चिठ्ठीचा फोटो काढला. पोलिसांना कोणीच बोलावलं नाही. तिने दोन खऱ्या खुर्च्या बाजूला काढायला सांगितल्या, चार नाकारल्याचं लिहून दिलं आणि जाताना जाईबाईंचा नंबर घेतला. ती गाडीत बसते न बसते तोच प्रफुल्लभाईंनी मायलेकांना गोडाऊनबाहेर काढलं. वेताची अर्धी जुडी आत राहिली ती राहिलीच.

पुढचा महिनाभर क्वार्टर्समधला एखादा हवालदार जिन्यात दिसला तरी जाईबाईंना धस्स व्हायचं. कोणी आलं नाही. अनुजाचा फोनही आला नाही. त्या चार खुर्च्यांचं काय झालं ते त्यांना एका हमालाकडून कळलं. लोअर परळच्या एका कॉफीच्या दुकानाने त्या नव्या म्हणून घेतल्या होत्या, आणि कापलेला कोपरा प्रफुल्लभाईंनी दुसऱ्या कोणाकडून सांधून घेतला होता. जाईबाईंना त्या परक्या हाताच्या सांध्याचंच जास्त वाईट वाटलं.

सुमेध अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत दरवाजे रंगवायला जाऊ लागला. घरी यायचा, जेवायचा, बोलायचा नाही. एका रविवारी दुपारी जाईबाई तांदूळ निवडत होत्या, तेव्हा तो अचानक समोर येऊन बसला.

"माझं नाव का घेतलंस तिथे? नुसतं खुर्च्यांचं सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"शेठने घेतलंच असतं."

"मग त्याला घेऊ द्यायचं होतंस. तू का?"

जाईबाईंनी ताट बाजूला ठेवलं. "त्याने घेतलं असतं तर तू चोर ठरला असतास, सुमेध. मी घेतलं तेव्हा तुझ्या बाजूला मी उभी होते."

"मला वाटलं, तू मला सोडलंस," तो म्हणाला. त्याचा हात तांदळात काहीतरी शोधत होता, खडे तर त्यांनी कधीच काढले होते.

"मलाही वाटलं, तू मागच्या दाराने गेलास."

"जाणारच होतो," सुमेध म्हणाला. "दारापर्यंत गेलो होतो."

मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो पुढे केला. फोर्टमधल्या एका जुन्या लायब्ररीतल्या खुर्च्या होत्या, पाठी फाटलेल्या, पॉलिश उडालेलं. वसाहतीतल्या एका साहेबांनी तिथे त्याचं नाव सुचवलं होतं. जाईबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला, भोकांच्या रांगा पाहिल्या.

"किती आहेत?"

"चाळीस तरी. पॉलिश माझं." तो थोडा घुटमळला. "वेताला दुसरं कोणी बघू का?"

"वेत संपलाय," जाईबाई म्हणाल्या. "उद्या आणते. मंगळवारी जाऊ."