कडुबामामा आणि मागची सीट

आमच्या शेजारच्या संध्याताईंचा धाकटा भाऊ कडुबा खुलताबाद ते संभाजीनगर काळीपिवळी जीप चालवतो. अंगानं ऐसपैस, आवाजानं त्याहून ऐसपैस. नातेवाइकांत त्याच्याबद्दल एकच तक्रार आहे: हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसत नाही. पुतण्याच्या लग्नाला वऱ्हाडाची एसी बस दारात उभी असताना कडुबा आपली जीप घेऊन पुढं निघाला. पाहुणे म्हणाले, "लई मिजास आली ड्रायव्हरला." कडुबा मिशीतल्या मिशीत हसला आणि त्यानं नुसता हॉर्न वाजवला.

संध्याताईंची लेक संबोधी बारावीला आहे. तिला हवाई दलात पायलट व्हायचंय. एनडीएची दारं मुलींना उघडली तेव्हापासून तिनं हेच धरलंय. पहाटे पळणं, दुपारी गणितं, संध्याकाळी आरशासमोर इंग्रजी. डोळे शाबूत राहावेत म्हणून तिच्या वडिलांनी, धम्मपालरावांनी, घरात गाजरांचा असा रतीब लावलाय की संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीची नजर सुधारली असेल. मलाही वाटीभर हलवा येतो, म्हणून मी काही बोलत नाही.

अडचण एकच होती, आणि ती घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. पायलट होऊ घातलेल्या या पोरीला गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. एसटी स्टँडवर डिझेलचा नुसता वास आला तरी चेहरा पांढरा व्हायचा.

एक दिवस क्लासच्या सरांनी सांगितलं, की पायलटच्या वैद्यकीय तपासणीत झोपाळा लागतो का, गाडी लागते का, हेही विचारतात. सगळी पोरं हसली. संबोधी हसली नाही. घरी येऊन आईला म्हणाली, "खोटं मी सांगणार नाही. आणि खरं सांगितलं तर गेलंच सगळं."

संध्याताईंनी भावाला फोन लावला.

"आक्का, रविवारी धाड तिला," कडुबा म्हणाला. "आपल्या घाटानं भलेभले सरळ केलेत."

त्यानं भाचीला थेट मागच्या आडव्या सीटवर बसवलं. दौलताबादची वेस ओलांडेपर्यंत पोरगी सरळ होण्याऐवजी चौघडी झाली होती. काळीपिवळीत डॉक्टर फार. कुणी लिंबू दिलं, कुणी ओवा. एका आजोबांनी हातातला पेपर काढून दिला, "ह्याच्यावर बस पोरी. पेपरवर बसलं की गाडी लागत नाय." संबोधी पेपरवर बसली. घाटाच्या मध्यावर तोच पेपर दुसऱ्या कामी आला.

असे बरेच रविवार गेले. शेवटी एकदा खुलताबादच्या स्टँडवर तोंड धुता धुता ती म्हणाली, "मामा, नको. मी आपली पायदळात जाते."

"पायदळातबी ट्रकनंच नेतात, बाई."

ती हसली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते नळाचं नव्हतं. कडुबानं इकडं तिकडं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"कुणाला सांगू नको. मलाबी लागती."

"काय लागते?"

"गाडी. दुसऱ्यानं चालवली की लागती. म्हणून तर ड्रायव्हर झालो! लहानपणी लासूरच्या बाजाराला जाताना मला टेम्पोतून उतरवायचे. क्लीनर झालो, तरी तेच. स्टेअरिंग हातात आलं अन् सगळं बंद."

"असं कसं?"

"वळण कुणीकडं येतंय ते आपल्याला आधी कळतं ना. मग पोटाला निरोप जातो. आता परत जाताना तू मागंच बस, पण समोरच्या काचेतून रस्ता बघ आन मनातल्या मनात गाडी तू चालव."

संबोधीनं चालवली. मांडीवरच्या दप्तराला स्टेअरिंगसारखं धरून ती वळणावळणाला हात फिरवायला लागली. शेजारी पेरूची पाटी घेऊन बसलेल्या साळूबाईंनी घाबरून विचारलं, "ह्या पोरीला काय झालंय वं?"

"विमान शिकती, मावशी," कडुबा पुढून ओरडला.

"मग मला आधी शहरात उतरव म्हणावं. फुडं नको नेऊ."

त्या दिवशी घाट उतरून दौलताबादच्या वेशीपर्यंत काही झालं नाही. पुढच्या खेपेला आणखी थोडं पुढं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी शेजारच्या बारक्या पोराला उलटी झाली, तीही संबोधीच्या बुटांवर. तिनं त्याची पाठ चोळली, आपल्या पिशवीतलं लिंबू त्याला दिलं. उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, की स्वतःला काही होतंय का हे पाहायचं राहूनच गेलं.

अठरा पुरी झाल्यावर तिनं शिकाऊ लायसन काढलं. महिनाभर मोकळ्या मैदानावर गिरवून झाल्यावर एका सकाळी रिकाम्या जीपला तांबडा 'एल' चिकटवून ती घाटात शिरली. मागं संध्याताई आणि आग्रहानं बोलावलेला मी. कडुबा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डावीकडं बसला होता. सुरुवातीला सूचनांचा पाऊस पडला. पहिल्या वळणानंतर सूचना निम्म्या झाल्या. तिसऱ्या वळणाला त्याही थांबल्या. मग पुढून एक हात मागं आला.

"आक्का... पिशवी."

वर पोचल्यावर संबोधीनं हँडब्रेक ओढला, मामाला पाणी दिलं.

"तपासणीत घराण्यात कुणाला लागती का विचारलं," चूळ भरत कडुबा म्हणाला, "तर माझं नाव घेऊ नको."

"नाव नाही घेणार. 'आईच्या माहेरी' म्हणीन."

"आन तुझं?"

"लागायची म्हणून सांगीन. खरंच सांगीन."

कडुबानं मान हलवली आणि सवयीनं उजव्या दाराकडं वळला. संबोधी जागची हलली नाही. "परतीलाही मीच चालवते, मामा."

तो तिच्याकडं बघत उभा राहिला. मग टपरीवाल्याकडून आजचा पेपर मागून आणला, नीट घडी घालून डाव्या सीटवर अंथरला आणि मुकाट्यानं त्यावर बसला.