तलावाकडची भिंत

साल १९८६. मी बत्तीस वर्षांचा होतो. त्या सालातली एक सकाळ मी आजवर कोणाला सांगितली नाही — भावाला नाही, पोराला नाही, दारूच्या बैठकीत सोबत्यांनाही नाही. नशेतसुद्धा तोंड आवळून धरता येतं. मी धरलं आहे.

तुम्हाला सांगतो. तुम्ही माझ्या घरात राहत नाही म्हणून सांगतो — असंही असेल.

आम्ही ढिवर. तलावावर जाळं टाकून जगलो. घर तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या टोकाला, पाणी दिसेल असं, आणि घरामागे मोरी, कपडे धुवायची. गावातली पहिली घरची मोरी ती. मी माझ्या हातानं बांधली. लोक अजून नाव काढतात — बायकोला तलावावर जावं लागू नये म्हणून बांधली म्हणतात. मी ऐकून घेतो. नाही कशाला म्हणू?

यंदा सुनेनं, वैशालीनं, त्या मोरीची नीट खोली करायचं काढलं. वर पत्रा, खाली पाय न घसरणाऱ्या खरबरीत टाइल, कोपऱ्यात मशीन. धुवून वर पिळूनही देणारी मशीन. तिला पिळण्याचंच जास्त पडलं होतं. माझ्या बायकोला, गिरजाला, पिळता येत नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. चादर पिळायची तर एक टोक खुंटीला अडकवते आणि दुसरं डाव्या हातानं पीळ देत बसते. इतकी वर्षं. मी सपरीत, पुढच्या पडवीत, बसून बघत आलो.

मूल गावाहून रहीमभाई मिस्त्री आले. टेप धरला. वैशाली त्यांना सांगायला लागली, “आई पाळीवरून घसरल्या होत्या ना, तेव्हा बाबांनी हे बांधलं. म्हणून टाइल खरबरीतच पाहिजे, भाऊ.”

“त्या जमान्यात बायकोसाठी मोरी?” रहीमभाई म्हणाले. “मानलं बा तुमाले, चाचा.”

मी मिशीवरून हात फिरवला. हो, फिरवला. सवय झाली आहे.

मग वैशालीनं विटेचा तुकडा उचलला आणि तलावाकडच्या भिंतीवर चौकोन ओढला. “इथी खिडकी. ओल धरून राह्यली ही भिंत.”

खिडकी नाही होणार, मी म्हटलं.

“काऊन बाबा?”

आता काय सांगणार होतो मी? उत्तर नसलं की माझा हात पुढे येतो — जवानीत यायचा, सत्तरीतही येतो. सिमेंटचं घमेलं लाथेनं उडवलं, ते रहीमभाईच्या नडगीवर बसलं. काठी घेतली आणि सुनेवर धावलो. लेकीच्या वयाच्या पोरीवर. ती जागची हलली नाही.

“मारा,” म्हणाली. “खिडकी तरी होईनच.”

रहीमभाई नडगी धरून बोलले, “चाचा, मले भिंत फोडाले बलावलं का फुटलेले डोस्के मोजाले?”

गिरजा आतून धावत आली आणि मध्ये उभी राहिली. काठी वरच होती माझी. तिनं उजवा हात उचलला — कोपर पुढे, तोंड खाली, डोळे मिटलेले. कसा उचलला ते वैशालीनं पाहिलं. असा हात पहिल्यांदा मार खाणारं माणूस उचलत नाही. शिकलेला हात होता तो.

काठी खाली घेतली मी, पण उशीर झाला होता. वैशाली सासूच्या त्या वाकड्या बोटांकडे बघत होती. मग हळूच तिनं विचारलं, “आई, तुमी खरंच घसरल्या होत्या का?”

गिरजानं माझ्याकडे पाहिलं. बोलायला मला वेळ होता — पुष्कळ वेळ होता. सत्तरी गाठलेला माणूस, मगर चावून गेली तरी डोंगा, म्हणजे होडी, सोडणार नाही अशी फुशारकी मारणारा — मी जमिनीवर सांडलेलं सिमेंट बघत राहिलो.

“घसरलीच होती वं,” गिरजा म्हणाली.

आणि सुनेच्या हातून विटेचा तुकडा घेतला. वाकड्या बोटांत तो नीट बसेना, तिनं डाव्या हातानं तो बोटांत बसवला. तो चौकोन पुसला आणि दुसरा काढला, त्याच्याहून रुंद, त्याच्याहून खाली. “बसून दिसला पाहिजे तलाव,” एवढंच रहीमभाईला म्हणाली. माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मीही पुन्हा नाही म्हटलं नाही.

तर आता त्या सकाळचं.

पाण्यावरून बोलणं कसं येतं, तुम्हाला ठाऊक आहे? सकाळी वारा नसतो तेव्हा घाटावर बाई कुजबुजली तरी तलावाच्या मध्यात डोंग्यावर साफ ऐकू येते. आम्हा जाळेवाल्यांना हे माहीत. बायांना नाही. आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही — कशाला सांगू, फुकटची करमणूक होती ती. दुसऱ्याच्या घरातलं ऐकून मीही पोट धरून हसलो आहे.

मी दुसरीपर्यंत शिकलेलो. पण सपरीत पेपर घेऊन बसायचो, पान उलटायचो, मान हलवायचो, आल्या-गेल्याला सरकारचं काय चुकलं ते सांगायचो. मोठी अक्षरं तेवढी जुळायची. ही गोष्ट फक्त गिरजाला माहीत होती.

त्या सकाळी मी एकटाच डोंग्यावर होतो. घाटावरून गिरजाचा आवाज आला. ती माझी नक्कल करत होती. घसा खाकरून, मान हलवून — “अशे पाह्यते पेपर, जसा मासा ताजा हाये का शिळा पाहून राह्यले!” बायांचं हसणं पाण्यावरून माझ्यापर्यंत आलं. एक म्हणाली, “उलटा तं नाई धरत?” गिरजा म्हणाली, “फोटो असला की सुलटा धरते.”

वाईट बोलली का? आज मलाही हसू येतं. तेव्हा माझे कान पेटले. जाळं तसंच पाण्यात टाकून मी घर गाठलं. घरी कोणी नव्हतं. दाराआड उभा राहिलो. ती पाळ उतरून आली, डोक्यावर ओल्या कपड्यांचं टोपलं, वर कपडे बडवायची मोगरी ठेवलेली. गुणगुणत आली.

मोगरी उचलली आणि मारली. पहिल्यांदा खांद्यावर. मग पाठीवर. ती पडली, टोपलं पडलं. मग डोक्यावर उगारली तेव्हा तिनं हात मध्ये घातला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला — डोंग्यावर हसणं ऐकू आलं होतं तितकाच साफ. ऐकूनही थांबलो नाही. हे लिहायलाच बसलो आहे मी. रागात भान नव्हतं असं लोक म्हणतात. मला भान होतं. बांगड्यांच्या काचा मोगरीच्या लाकडात रुतलेल्या दिसल्या, आणि त्या बाजूनं मारली तर जास्त लागेल हे मला समजलं. मी त्या बाजूनं मारली.

ती ओरडली नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता तिनं. शेजारी ऐकू जाईल म्हणून. माझ्या हाताखाली पडल्या पडल्या माझीच अब्रू राखत होती.

“पाळीवरून घसरली म्हणायचं,” मी म्हटलं. तिनं मान हलवली.

पुढे पोराच्या शाळेच्या पुस्तकातून मी वाचायला शिकलो. शिकायची हौस नव्हती. त्या हसण्यावर डूख धरून शिकलो. आज हे लिहितो आहे ती अक्षरं तीच.

त्या माराच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच सब्बल, लोखंडी पहार, घेऊन घाटावर गेलो. घाटावर ज्या त्या बाईचा आपापला दगड असतो, दुसरीच्या दगडाला कोणी हात लावत नाही. गिरजाचा दगड मी चिखलातून उपटला. बायांचे हात थांबले.

“घसरली काल पाळीवरून,” मी म्हटलं. “आता घरीच धुवील.”

“जपते बा बायकोले,” मागून एक बोलली.

दगड खांद्यावर घालून घरी आणला, मागच्या अंगणात बसवला. घाट दिसायचा त्या तलावाच्या बाजूला भिंतीची पहिली रांग रचली. मग गिरजाला बाहेर बोलावलं. हाताला हळद-चुन्याची पट्टी होती. मी अंगातला कालचा सदरा काढला, तिच्या रक्ताचा, आणि तिच्यापुढे त्या दगडावर टाकला.

“धू,” म्हटलं.