गोळी वर चढत नाही!

बंदुकीच्या दुकानात सगळ्यात जास्त काय साठतं? गोळ्या? छे! त्यांचा हिशोब सरकार ठेवतं. साठतं ते गिऱ्हाइकांचं शहाणपण. एस्प्लनेडच्या माझ्या दुकानात त्याचा ढीग लागलाय. पण एका रायफलीनं माझं जेवढं रक्त आटवलं, तेवढं कुणी नाही!

सॉल्ट लेकचे जोशीसाहेब, बँकेतून रिटायर झालेले. स्पर्धेसाठी त्यांनी पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल मापानं बांधून घेतली, रीतसर परवान्यावर. बांधली आमच्या निमाईदांनी. बेहालाचे जुने मिस्त्री, आमच्या रायफल क्लबच्या सगळ्या बंदुका यांच्याच हातच्या.

महिन्याभरात जोशींचा क्लबला अर्ज! 'दुसरी गोळी वर चढतच नाही. मिस्त्री नालायक. क्लबचं काम काढून घ्यावं.' निमाईदा अर्ज वाचून दोन दिवस जेवले नाहीत. सांगा, संताप येणार नाही?

*

पहिल्यांदा आणली तेव्हा मी गोळ्या बघितल्या. कपाटातल्या जुन्या, हिरव्या पडलेल्या! नव्या दहा भरल्या, दहाही सुटल्या.

"म्हणजे हिला भारीच माल लागतो?" जोशी कडाडले. "मग हा दोष नाही तर काय?"

*

दुसऱ्यांदा गोळ्या भरायचं मॅगझिन चिकट. आतली स्प्रिंग हलेना. निमाईदांनी वास घेतला.

"सर, सरसों का तेल?"

"मग! इथे बंगाल्यांत सगळ्याला तेच लागतं ना?"

"तो बस, अब इलिश मछली डालना बाकी है।"

*

तिसऱ्यांदा मी स्वतः रेंजवर उभा राहिलो. गृहस्थ मॅगझिनलाच मुठीत धरून रायफल तोलत होते! ते तिरकं होणार नाही तर काय?

"साहेब, हात जरा पुढे घ्या."

"अहो, पस्तीस वर्षं मी लोकांना सही कुठे करायची ते दाखवलंय. मला हात कुठे ठेवायचा ते शिकवता?"

मी आजवर कॅटलॉग वाचून शिकलो, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन शिकलो. पण असा माणूस कुठल्या कॅटलॉगात नाही!

*

शेवटी दसऱ्यानंतर क्लबात विजयेचं, म्हणजे पूजेनंतरच्या भेटीगाठींचं, चहापाणी होतं, सगळे सहकुटुंब आलेले. तिथेच कमिटीनं अर्ज चर्चेला घेतला. रायफल पुन्हा अडकलेली. या वेळी गोळ्या नव्या, तेल नाही, हातही जागेवर! निमाईदांचा चेहरा उतरला.

"आता बोला!" जोशी म्हणाले. "आता कुणाची चूक?"

निमाईदांनी मॅगझिन रिकामं केलं, तळाची पट्टी सरकवली आणि पांढऱ्या रुमालावर हलकेच आपटलं.

तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवानं लाल झालेला.

जोशीसाहेबांनी सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं.

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. "नीट बघा हो, दादा. अजून चार असतील आत. मी पाच अक्षता वाहिल्या होत्या."